निळ्या लाईटची गाडी

दिपे, तू आधी फक्त ऐक. मधी बोलू नको. मधी बोललीस की माझं सुटतं, मग मी रडते, अन इथं कॅन्टीनमधी सगळ्यांसमोर मला रडायचं न्हाई. चहा थंड झाला तर होऊ दे.

आमची पांढरी गाडी माहीत हाय ना तुला? ती घेतली तिथनंच सांगावं लागंल, न्हाई तर पप्पा काय माणूस हाय ते तुला कळणार न्हाई. पप्पांची अख्खी नोकरी सरकारी जीपवर गेली. रेणापूर, देवणी, मग लातूर. साहेब बदलले, जीपा बदलल्या, पप्पा मात्र स्टेअरिंगवरच. अन आम्ही कुठंबी जायचं म्हणलं की एसटी. मम्मी टोमणा मारायची, "हलवायाची बायको उपाशी म्हणतेत ना, तशी मी. नवरा ड्रायव्हर, अन मी आपली बसस्टँडवर उभी."

तर रिटायर झाले अन महिन्याच्या आत घरात जाहीर केलं, गाडी घ्यायची. नवीकोरी. सेकंडहँडचं नाव काढायचं न्हाई. मी लगेच मोबाईल घेऊन बसले, रोज व्हिडिओ बघून राहिले, कुठल्या गाडीला किती स्टार, ठोकली तर माणूस वाचतं का, कुठल्या गाडीचे पार्ट लातुरात भेटतेत. एकीला सनरूफ होतं. मी दाखवलं तर पप्पा म्हणले, "छतातून डोकं बाहेर काढायचं असंल तर ट्रॅक्टरच घेऊ की, पैसे वाचतील."

अन पप्पांच्या संगं कोण? कलीम चाचा. तू बघितलंस त्यांना, औसा रोडला दुकान हाय, गाड्यांच्या वायरिंगचं. पप्पांची जीप पहिल्यांदा त्यांच्याकडं गेली तवा माझा जन्मबी नव्हता झाला. तवापासून दोघं असे की हाजराबी चाची म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याचं पहिलं लग्न आनंदराजशी झालंय, मी दुसरी." पप्पा त्यांना कलीमभाई म्हणणार, अन ते पप्पांना आनंद्या. रिटायर झालेल्या माणसाला आनंद्या! आईशप्पथ, जगात दुसरं कुणी म्हणत न्हाई.

शोरूमला हे दोघं गेले, मागनं मी, अन सेल्समन येडा झाला. तो म्हणतो सर रंग बघा, सर स्क्रीन बघा, अन चाचांचं डोकं बॉनेटमधी, पप्पा गाडीखाली. एसीच्या थंड शोरूममधी माणूस फरशीवर आडवा! मी तर मेलेच लाजून. मग पप्पा उठले, हात झटकले, अन एकच विचारलं, "बायकापोरं घेऊन निघालो तर ही मधीच उभी राहती का?"

सेल्समन म्हणला, "सर, वॉरंटी हाय ना."

चाचा म्हणले, "अरे बाबा, तो विचारून राहिला ताप येतो का, अन तू सांगतोस दवाखाना जवळ हाय."

सगळं शोरूम हसलं. पण गाडी तीच घेतली. डिक्की मोठी, मागं तिघं आरामात, अन पप्पांना त्या इंजिनचा आवाज आवडला. डोळे मिटून ऐकत होते, खरंच.

ताबा भेटायच्या दिवशी त्या सेल्समन पोरानं वॉरंटी समजावून सांगितली बरं का. मी हे मुद्दाम सांगून राहिले. तो सांगत होता की टायर, बॅटरी, ब्रेकपॅड, क्लच हे झिजतंय ते यात येत न्हाई, सर्व्हिसिंग वेळेवर कंपनीतच करा, बाहेरून वायर कापू नका. अन आम्ही काय करत होतो? मी फोटो काढत होते. मम्मी गाडीला हार घालून हात जोडून त्रिशरण म्हणत होती. चाचा पेढे आणायला गेलते. पप्पा "हाव हाव" म्हणत सही करत होते, नजर चावीवर. आमच्या घरात सगळ्यांनी एकच धरून ठेवलं, वॉरंटी म्हणजे काहीबी झालं की कंपनी बघंल, अन कंपनी न्हाई म्हणली की संपलं. मधलं काय असतं, ते कुणी विचारलंच न्हाई.

मग चौदा एप्रिल आला. आमच्या नगरातल्या मिरवणुकीच्या रथाची लाईट दरवर्षी चाचांची असती. पैसे घेत न्हाईत. अन ईद-ए-मिलादच्या जुलूसला त्यांच्या मोहल्ल्याची पुढची गाडी पप्पा चालवतेत. कधीपासून, ते त्या दोघांनाच माहीत. तर यंदा पप्पा म्हणले, "कलीमभाई, रथाचं झालं की माझ्या गाडीलाबी कर. निळी लाईट. खालून, समोरून, सगळीकडनं."

चाचा म्हणले, "नवी गाडी हाय आनंद्या, कंपनीवाले कटकट करतेत."

पप्पा काय म्हणले ऐक. "कंपनी माझा साहेब हाय का? आयुष्यभर दुसऱ्याची गाडी पुसली, त्याच्यावर बाबासाहेबांचा एक स्टिकर लावायची सोय नव्हती. ही माझी हाय. तू लाव."

मी तिथंच होते दिपे. अंगणात. चाचांच्या हातात टेप कापून देत होते. त्यांनी अजून एकदा विचारलं, "पक्कं ना?" पप्पा म्हणले, "शंभर टक्के." हे ध्यानात ठेव, पप्पांनी सांगितलं म्हणून चाचांनी वायरला हात लावला.

अन त्या संध्याकाळी, काय सांगू. गाडी रथाच्या मागं माणसाच्या चालीनं चाललेली, खालून सगळी निळी, रस्तापण निळा. पप्पा स्टेअरिंगवर पांढऱ्या सदऱ्यात, बाजूला चाचा, मागं मम्मी, मी अन शेजारची एक पोरगी. लोक काचेतून हात घालून पप्पांना जय भीम करत होते. मी पप्पांना तसं हसताना कधीच बघितलं न्हाई. नोकरीत ते साहेबाच्या जोकवर हसायचे, ते वेगळं.

आता खरं सुरू होतं.

जूनमधी सरजाबाई आत्याच्या नातवाचं नामकरण होतं नांदेडला. आम्ही तिघंच निघालो, मम्मीनं मागं आहेराचं सामान कोंबलेलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, अन लोह्याच्या पुढं एकदम जळका वास. समोरचे सगळे दिवे पेटले, स्टेअरिंग जाम, अन गाडी उभी. मधीच. बायकापोरं घेऊन. पप्पांनी कशीबशी कडंला घेतली. बॉनेट उघडलं तर धूर. मम्मी आधी सामान काढून राहिली, मी ओरडून राहिले की तू आधी बाहेर ये.

कंपनीच्या नंबरला फोन लावला, त्यांनी ओढून नांदेडच्या वर्कशॉपला नेली. तिथं सत्यम म्हणून सुपरवायझर होता, माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असंल, चांगला बोलायचा. त्यानं आत बघितलं, बाहेर आला, हातात काळ्या टेपचा तुकडा. "काका, हे बाहेर कुठं केलं?"

पप्पांनी तो तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला.

"मग वॉरंटी गेली ना."

"म्हणजे? सगळी?"

"सगळीच समजा."

अन त्यानं खर्चाचा आकडा सांगितला. मम्मी खुर्चीवर बसली. पप्पा उभेच, पण सरकारी माणसासमोर उभं राहतेत तसे. हात मागं, मान खाली. मला इतका राग आला, कुणाचा ते कळंना.

पप्पांनी चाचांना फोन केला. चाचा दुकान बंद करून पुढच्या एसटीनं नांदेडला आले. एवढ्या लांब, उन्हात, हातात हत्यारांची पिशवी. वर्कशॉपवाल्यांनी ती पिशवी गेटवरच ठेवून घेतली. आत हत्यारं नेता येत न्हाईत म्हणे.

तोवर सत्यम पप्पांना सांगत होता की एक रस्ता हाय. "काका, तुम्ही लिहून द्या की बाहेरच्या मिस्त्रीनं तुम्हाला न सांगता वायर जोडली. तुमची चूक नव्हती. मग मी वर साहेबांकडं विनंती पाठवतो, कंपनी कधी कधी मेहेरबानी करती. पण दुकानाचं नाव लागंल, अन मिस्त्रीची सही."

हे चाचांनी ऐकलं. दारातच उभे होते.

पप्पांनी वर बघितलं. चाचांनी पप्पांकडं बघितलं. दिपे, मी दोघांच्या मधी उभी होते, मला दोघांची तोंडं दिसत होती. अन चाचा पुढं आले अन मोठ्यानं म्हणले, "मीच केलं साहेब. यानं सांगितलं नव्हतं. मी न विचारताच लावली लाईट. यानं तर नको म्हणलं होतं."

मी पप्पांकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील. आत्ता बोलतील. मम्मीनं पदर तोंडाला लावला. पप्पा बोलले न्हाईत.

सत्यमनं कागद पुढं केला. पप्पांनी सही केली. चाचांनी केली. मग सत्यम म्हणला, "चाचा, आधार दाखवा जरा." चाचांनी खिशातनं पाकीट काढलं, त्यातनं आधार काढलं, त्यानं मोबाईलवर फोटो घेतला, चोराचा घेतेत तसा. अन जाता जाता त्यानं शिकवलं पण, "चाचा, या नव्या गाड्यांना हात लावत जाऊ नका. या तुमच्या जमान्याच्या न्हाईत."

अन पप्पांनी मान हलवली. हाव म्हणून.

गप बसले ते मी एकवेळ समजले असते. भेदरले होते, आकडा मोठा होता, सगळी पुंजी त्या गाडीत घातलेली. पण मान का हलवली?

बाहेर आल्यावर पप्पा म्हणले, "चल कलीमभाई, सरजाक्काकडं जेवून जाऊ." चाचांनी गेटवरनं पिशवी घेतली, म्हणले, "न्हाई रे, बस हाय आत्ता." लगेच बस होती का नव्हती, मला माहीत न्हाई. ते रस्ता ओलांडून गेले, मागं बघितलं न्हाई.

पुढं बरेच दिवस गाडी तिथंच होती. अन मग फोन आला. गाडीच्या कागदावर नंबर माझा हाय, म्हणून फोन मला. सत्यम. लई खुशीत. "मॅडम, क्लेम पास झाला, सगळं वॉरंटीत झालं, एक रुपया भरायचा न्हाई."

मी म्हणले, ते पत्र चाललं म्हणायचं.

तो म्हणला, "न्हाई हो, पत्र लागलंच न्हाई. कंपनीचा माणूस येऊन सगळं उघडून बघून गेला. तुमची ती लाईटची वायर जशीच्या तशी हाय, तिला काही झालं न्हाई. फ्यूजच्या डब्यातला एक पार्टच कंपनीतनं खराब आला होता. तुमच्यासारख्या अजून गाड्या आल्यात आमच्याकडं."

मी म्हणले, "तुम्ही तर म्हणले होते सगळी वॉरंटी गेली."

"नियम असा असतो मॅडम, बाहेरच्या कामानं जे खराब झालं तेवढ्याचीच वॉरंटी जाती. अख्ख्या गाडीची न्हाई जात. ते काकांनी तवाच विचारायला पाहिजे होतं. कशानं जळालं ते आधी दाखवा, मग वॉरंटी नाकारा, असं म्हणायचं होतं."

"आम्ही विचारायचं? तुम्ही सांगायचं न्हाई?"

तो म्हणला, "रोज इतक्या गाड्या असतेत मॅडम. गाडी न्यायला कधी येताय?"

दिपे, म्हणजे तो कागदच लागला न्हाई. ती सही, ते आधार, काहीच न्हाई लागलं. फुकट.

मी पप्पांना एवढंच सांगितलं की वॉरंटीत झालं. ते म्हणले, "बघ, पत्रानं काम केलं." अन मी तिथं गप बसले, कारण मला आधी चाचांना सांगायचं होतं. ते नांदेडहून आल्यापासून आमच्याकडं फिरकलेच नव्हते ना. पप्पा घरात चिडचिड करून राहिले होते, "चूक त्याची, अन तोंड फुगवून तोच बसलाय. मी एक शब्द बोललो का त्याला?" मम्मी ताट आपटून आत जायची.

मी दुकानावर गेले. चाचा एका जुन्या टेम्पोत वाकून काम करून राहिले होते. तेवढ्यात एक जण नवी गाडी घेऊन आला, हॉर्न बसवायचा म्हणला. चाचांनी बघितलंबी न्हाई, म्हणले, "नव्या गाडीला मी हात न्हाई लावत. कंपनीत जा." तो गेला.

मी सगळं सांगितलं. भडाभडा. मला वाटलं चाचा खुश होतील, म्हणतील बघ, माझा हात चुकत न्हाई. ते फडक्याला हात पुसत राहिले. म्हणले, "अच्छा. बरं झालं, आनंद्याचे पैसे वाचले."

"चाचा, तुमची चूक नव्हती!"

"वायरचं काय घेऊन बसलीस बेटा. जळाली असती माझ्या हातानं तर जळाली असती. मिस्त्रीचं होतंय कधी कधी." मग म्हणले, "मी बोललो ना तिथं, ते मी माझ्या मनानं बोललो. त्याचं तोंड बघवेना मला. पण मला वाटलं, तो मधीच म्हणंल, ए गप रे, दोघांनी मिळून केलं. बस एवढंच. त्याच्यापुढं मग सही काय, अंगठाबी दिला असता मी."

मी म्हणले, "मी आजच पप्पांना सांगते."

तर चाचांनी माझा हात धरला. कधी धरत न्हाईत. "न्हाई सांगायचं. तुला माझी शप्पथ हाय. त्याला कळलं ना की माझं काहीच नव्हतं, तर तो त्या गाडीत परत न्हाई बसणार. मी ओळखतो त्याला. आयुष्यभर दुसऱ्याची चालवली त्यानं. आता कुठं स्वतःची भेटली. चालवू दे."

"अन तुम्ही?"

"माझं काय. मी हाय की इथं."

मी रिक्षात रडत घरी आले. रिक्षावाल्यानं आरसा वळवला बिचाऱ्यानं.

आता काल. रविवार. जेवणं झाली, पप्पा पाटावर बसून राहिले, उठंनात. मम्मी आत भांडी घासून राहिली होती. पप्पा हळूच म्हणले, "लुंबिनी, तू शिकलेली हायस, तुझं बोलणं होतं त्या वर्कशॉपच्या पोराशी. खरं सांग मला. त्या लाईटच्या वायरनंच जळालं ना? कलीमच्या हातानंच झालं ना?"

त्यांच्या डोळ्यात मी बघितलं दिपे. मला दिसत होतं, त्यांना काय ऐकायचं होतं. अन मला चाचांचा हात दिसत होता. अन मला हेबी कळत होतं की खरं सांगितलं तर पप्पा आत्ताच्या आत्ता उठून औसा रोडला पळत जातील, पाया धरतील, कदाचित सगळं जुळंल. कदाचित. न्हाई तर पप्पा मोडतील, अन चाचा म्हणतील, शप्पथ घातली होती तुला.

मी म्हणले, "हाव पप्पा. त्यानंच झालं."

पप्पांनी इतका मोठा श्वास सोडला. जसं काही कुणी छातीवरनं दगड उचलला. म्हणले, "मग झालं. माणूस हाय, चुकतंय. मीच मोठं मन करतो." अन माझ्याचसमोर फोन काढला, स्पीकरवर लावला, अन चाचांनी उचलल्या उचलल्या म्हणले, "कलीमभाई, जाऊ दे रे. झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

मागं टीव्ही चालू होता त्यांच्याकडं, तेवढा ऐकू येत होता. मग चाचा म्हणले, "मेहरबानी झाली तुमची."

तुमची म्हणले दिपे. तुमची.

पप्पांच्या ध्यानात आलं न्हाई. का आलं, मला माहीत न्हाई. त्यांनी फोन ठेवला, पाटावरनं उठले, हात धुतले, अन मम्मीला आवाज दिला, "ऐकलंस का, मिटलं बरं का सगळं!" मग माझ्याकडं बघितलं अन म्हणले, "येडे, आता तू का रडून राहिलीस?"

अजून सांगितलं न्हाई मी त्यांना. ना मम्मीला. तुलाच पहिलं. आता बोल, आता बोललीस तरी चालंल. पप्पांनी तसं तोंडाकडं बघत तुला विचारलं असतं, तर तू काय केलं असतंस?